तालमीतली मीटिंग

बोरखिंड, ता. शिरूर
१२ जानेवारी १९६०

प्रिय मुमताज,

सलाम. हे पत्र उभ्यानंच वाच. बसलीस तर पुन्हा उठून नाचावं लागेल. मी निवडून आले!

हो, मीच. शिरूरच्या मिशन शाळेत तुझ्या शेजारी बसून तुझ्या वहीतली गणितं उतरवणारी कृपा आता बोरखिंड ग्रामपंचायतीची मेंबर झाली आहे. नव्या कायद्यानं दोन जागा बायकांसाठी राखून ठेवल्यात ना, त्यातली आमच्या वॉर्डाची माझी. आमची वेशीबाहेरची ख्रिस्ती वस्ती, त्याला लागून रामोशी आळी आणि मुसलमानांची घरं, असा वॉर्ड आहे. गावकऱ्यांना वाटलं, इथून कोण बाई उभी राहतेय! मी राहिले. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या प्रचार केला. चोळीचं माप द्यायला येईल तिच्या कानात एकच गोष्ट घातली: मी मेंबर झाले तर बायकांना परसाकडला जायला भिंतीचा आडोसा बांधून घेईन.

तू रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहतेस, तुला दाराशी संडास आहे. इथं आम्ही पहाटे अंधारात जातो, नाहीतर रात्री अंधारात. मधल्या साऱ्या दिवसात बाई जात नाही. गेल्या पावसाळ्यात कुंभाराची सून अशीच अंधारात ओढ्याला घसरली. पोटुशी होती. मूल गेलं. दुसऱ्या दिवशी चावडीवर बैलांच्या शर्यतीची चर्चा चालली होती. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मतं द्यायला बायका पदर ओढून, ओळीनं आल्या. एकीनं मतपेटीला हात जोडले आणि साहेबाला विचारलं, "नारळ कुठं फोडायचा?" आमचे हे, नथानिएल मास्तर, निकाल ऐकून शाळेतून पळत आले. वर्ग तसाच सोडून! दुसरी बाई मेंबर आहे रतनबाई, पोपटरावांची विधवा चुलती. पोपटराव म्हणजे होणारे सरपंच. म्हातारी तोंडातून शब्द काढत नाही, म्हणूनच तिला उभी केली असं सगळं गाव म्हणतं.

पहिली सभा या महिन्याच्या अखेरीला आहे. नवं पातळ काढून ठेवलंय.

तुझी,
कृपा


रेल्वे क्वार्टर्स, दौंड
२० जानेवारी १९६०

माझी मेंबरबाई,

पत्र आलं तेव्हा मी कणीक मळत होते. पीठ लागलेल्या हातांनीच फोडलं, म्हणून त्याची कडा आता भाकरीसारखी झाली आहे. किती ओरडले म्हणून सांगू! आमचे अकबर रात्रपाळी करून झोपले होते, इंजिन सुटलं की काय म्हणून धडपडून उठले. फायरमनच्या घरात दुसरी भीती कसली असणार.

मग मी काय केलं, रागावू नकोस. तुझं पत्र घेऊन नळावर गेले आणि सगळ्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या क्वार्टर्समध्ये सोलापूरच्या, नगरच्या, थेट खांडव्याच्या बायका आहेत. हंडे भरून वाहत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या सासूबाई सुगराबी, ज्या मला मोठ्यानं हसू देत नाहीत, त्यांनी विचारलं, "म्हणजे ती आता पाटलासमोर खाली बसणार की खुर्चीवर?" मी म्हटलं खुर्चीवर. त्या म्हणाल्या, "मग तिला लिही, पाय हलवू नकोस म्हणावं. नवी माणसं खुर्चीवर पाय हलवतात."

तर पाय हलवू नकोस. आणि पहिल्या सभेत आडोशाचा विषय काढ. त्यांना बोलायला वेळच देऊ नकोस. आम्ही नळावर वाट बघतोय.

तुझी,
मुमताज


बोरखिंड
३ फेब्रुवारी १९६०

प्रिय मुमताज,

सलाम. आधी भांडते. माझं पत्र नळावर वाचलंस? त्यात मास्तर वर्ग सोडून पळत आले असं लिहिलं होतं. शाळा तपासनीसाची बायको असली तुमच्या नळावर म्हणजे?

बरं, भांडून झालं. आता ऐक.

चावडीसमोरून जाताना आमच्या गावच्या बायका चपला काढून हातात घेतात. पूर्वीपासूनची रीत आहे. सभेच्या दिवशी मी त्या पायातच ठेवल्या. तशीच चालले. चावडीत पाहते तर एक कुत्रं झोपलेलं. शिपाई म्हणाला, "मीटिंग तालमीत भरलीय."

तालीम तुला ठाऊक आहे, आखाडा. तांबड्या मातीचा हौद, कोनाड्यात मारुती. बाईनं तिचा उंबरा ओलांडायचा नाही. ब्रह्मचारी दैवत! दाराशी उभी राहिले तर आत हौदाच्या कडेला सतरंजी टाकून सगळे मेंबर बसलेले, पोपटराव सरपंच निवडूनही झाले होते. ते उठून दाराशी आले. हसत म्हणाले, "बाई, तुमाला आत घेतलं आसतं, पन मारुतीराया हाय. आमचा इलाज न्हाई."

मी म्हटलं, "मग चावडीत बसा."

"चावडीचं छप्पर गळतंय."

"जानेवारीत?"

त्यावर आतून कुणीतरी खुसखुसलं. पण मी बाहेर आणि ते आत, ते काही बदललं नाही. रतनबाई तर आल्याही नव्हत्या.

संध्याकाळी पंचायतीचे सेक्रेटरी प्रोसिडिंगचं पुस्तक घेऊन घरी. "बाई, इथं सही करा, म्हंजी तुमी हजर. रतनबाईंनी आंगठा दिला." मी विचारलं, मी नसताना काय ठरलं ते वाचून दाखवा. ते म्हणाले, "तुमी कशाला तरास घेता?" मी सही केली नाही.

आता पेच बघ. सही केली तर ते आत बसून काय वाटेल ते ठरवणार आणि खाली माझं नाव असणार. नाही केली तर मी गैरहजर. सेक्रेटरींनी जाता जाता गोडीत सांगितलं, लागोपाठ सहा महिने गैरहजर राहिलं की मेंबरकी आपोआप जाते. म्हणजे आडोसाही गेला. मास्तर म्हणतात, सही कर आणि जागा राख. मी नाही म्हणते. तू काय म्हणतेस?

(तुझ्या नळालाही विचार. आता वाचलंसच आहे तर पुरतं वाच.)

तुझी,
कृपा


दौंड
१२ फेब्रुवारी १९६०

कृपे,

सही करू नकोस!! हे आधी. नळावर मतदान घेतलं, हात वर करून. चौघी म्हणाल्या सही कर, बाकी साऱ्या म्हणाल्या बोट कापलं तरी करू नकोस. सासूबाईंनी दोन्ही वेळा हात वर केला, ते मत बाद.

माझं ऐकशील तर सरळ आत घूस. काय करतील? मारुतीराया काही बोलणार नाही, तो देव आहे. बोलतील पोपटराव, त्यांना बोलू दे. बाईला जागा द्यायची दिल्ली-मुंबईच्या सरकारनं आणि ती जागा नेऊन ठेवायची जिथं बाई शिरत नाही तिथं! माझं तर रक्त उसळतंय. इथं युनियनच्या सभेत सगळे हक्क हक्क करतात, घरी आल्यावर आमचे अकबरही म्हणतात, "जाऊ दे ना, गावची रीत आहे." त्या रात्री मी त्यांना वाढलं, पण तूप वाढलं नाही.

घूस, कृपे.

मुमताज


बोरखिंड
४ मे १९६०

प्रिय मुमताज,

सलाम. तुला खूप दिवसांत लिहिलं नाही. महाराष्ट्र राज्य झालं, तुमच्याकडे स्टेशनवर दिवे लावले असतील. इथं शाळेत पेढे वाटले आणि मी पोरांसाठी कागदी पताका शिवणीच्या कात्रीनं कातरल्या. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात चौथ्यांदा तालमीच्या दारातून परत आले.

घूस म्हणालीस. मुमताज, मी घुसले तर ती नुसती बाई घुसणार नाही, वेशीबाहेरची ख्रिस्ती बाई घुसेल. देव बाटवला म्हणतील. रात्रीतून आमच्या वस्तीचं पाणी बंद होईल, पोरं कामावरून निघतील. पोपटराव त्याचीच वाट बघत असतील. ज्यांनी मला मतं दिली त्यांच्या डोक्यावर मी हे आणू? मी दर महिन्याला जाते, दाराशी उभी राहते, सभा संपली की घरी येते. उभी राहिलेली दिसू दे सगळ्यांना. तालुक्याला अर्ज केला आहे. पोचल्याचं उत्तर आलं, त्यापुढे काही नाही.

एक नवल मात्र सांगायचं राहिलं. काल रतनबाई चोळी शिवायला आल्या. त्या आमच्या वस्तीत कधी पाय ठेवत नाहीत. माप घेताना मी न राहवून विचारलं, "तुम्ही दर वेळी अंगठा का देता?"

"पोपट म्हनतो लाव, मी लावते. माझ्या अंगठ्यानं कुनाचं काय आडतंय?"

मी सांगितलं काय काय ठरलं ते, मला कळलेलं तेवढं. तालमीमागची मोकळी जागा आडोशाला द्या, ही माझी लेखी मागणी पोपटरावांनी सभेत वाचलीसुद्धा नव्हती. मग मी कुंभाराच्या सुनेचा विषय काढला. तिला त्या रात्री ओढ्यातून वर काढायला रतनबाईच धावल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. जाताना म्हणाल्या, "तू दारात हुबी ऱ्हातेस ते मी बघते बरं का."

एवढंच. पण मला उगाच हुरूप आला. दिवसभर मशीन धडधड चालवलं, तीन पोलकी झाली.

तुझी,
कृपा


दौंड
५ जुलै १९६०

कृपा,

माझा भाऊ पाशा बांगड्या विकायला तळेगाव ढमढेरेच्या बाजारात बसतो, तुला माहीत आहे. बोरखिंडच्या लोकांकडून तो ऐकून आला: साळवेबाईंनी, म्हणजे तू, जूनच्या सभेत सही केली. नुसती सही नाही. तालमीमागची मोकळी जागा, जी तू आडोशासाठी मागत होतीस, ती तालमीला देऊन टाकायच्या ठरावाला अनुमोदनही तुझंच.

मी पाशाला खोटारडा म्हटलं. तो कुराणाची शपथ घ्यायला लागला.

नळावर मी कुणाला सांगितलेलं नाही. रोज विचारतात, बोरखिंडचं पत्र आलं का? मी सांगते, आलं नाही. तू सहीच करायची होतीस तर जानेवारीत केली असतीस. आम्हाला पाच महिने का नाचवलंस? मला लिही की हे खोटं आहे. लवकर लिही, कारण इथं संपाचं चाललंय. रेल्वे, पोस्ट, सगळ्यांचा. एकदा गाड्या थांबल्या की पत्रंही थांबतील.

मुमताज


बोरखिंड
८ जुलै १९६०

मुमताज,

तुझं पत्र वाचून माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी सही केलेली नाही. जूनची सभा झाली, सहा महिने भरले, जागा गेली असं समजून मी पंधरा दिवस रडत होते आणि लाजेनं तुला लिहिलं नाही. ठरावाचं तर मला तुझ्याकडूनच कळलं!

पत्र हातात घेऊनच मी घरात गेले. मास्तर जेवत होते. विचारलं, "माझ्या नावाची सही कुणी केली?" त्यांचा घास हातातच राहिला.

"सहावा महिना होता, कृपा. सेक्रेटरी शाळेत पुस्तक घेऊन आले. म्हणाले, आज सही झाली नाही तर बाईंची जागा गेली. मला बघवेना. मी केली."

"वर काय लिहिलं होतं?"

"कोरं होतं. ठराव मागाहून लिहिणार म्हणाले." आणि मग काय म्हणाले ऐक: "हुबेहूब तुझ्यासारखी आली."

मुमताज, हसू की रडू मला कळेना. हा माणूस माझ्यासाठी जीव टाकतो. माझ्या मेंबरकीचा त्याला माझ्याहून जास्त अभिमान. आणि त्यानंच माझं नाव त्या ठरावाखाली घातलं. मी एवढी संतापले की त्यांच्याशी अजून बोललेले नाही. बायकोचं नाव म्हणजे घरचाच तांब्या, कुणीही उचलून पाणी प्यावं! पोपटरावांना जे सहा महिने जमलं नाही ते माझ्या घरातून झालं, याचं मला वाईट वाटतं.

आता पेच आधीच्या दुप्पट झाला. पुढल्या सभेत जूनचं प्रोसिडिंग वाचून कायम करतील. मी गप्प बसले तर मेंबर राहते, पण आडोशाची जागा माझ्याच अनुमोदनानं गेली. आणि मी नव्हते म्हटलं, तर सहा महिने पुरे गैरहजर, मेंबरकी गेली. वर सही कुणाची ते निघालं तर मास्तरांची नोकरी गेली.

रतनबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "मीटिंग चावडीत आनायचं माझ्याकडं लागलं. म्होरलं तू बघ." म्होरलं मी काय बघू? लिही.

कृपा


दौंड
१९ जुलै १९६०

माझ्या कृपे,

तुझं पत्र काल मिळालं. संपात कुठंतरी थैलीत पडून होतं. आधी माझ्या दोन थोबाडीत मार आणि मग पुढचं वाच. पाशाचं ऐकून मी तुझ्यावर संशय घेतला!

इथं काय झालं सांगू? संपाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अकबरना आणि शेडमधल्या बऱ्याच जणांना पकडून येरवड्याला नेलं. क्वार्टर्समध्ये पुरुष म्हणून उरला नाही. मला वाटलं आता बायका रडत बसतील. रडल्या थोड्या. मग खांडव्याची ती बाई, जिचा आवाजसुद्धा कधी ऐकला नव्हता, ती उठली आणि म्हणाली, चला फाटकावर. आम्ही गेलो. पोरं कडेवर, सासूबाई पुढे. घोषणा देत होतो, कृपे! माझा घसा अजून बसलाय. बुरख्याबाहेर कधी न दिसलेल्या माझ्या सासूबाई फौजदाराला म्हणाल्या, "बेटा, आम्हालाही ने. घरी चूल पेटवायला काही नाही, तुझ्याकडे तरी जेवण मिळेल." तो बिचारा टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला.

संप मिटला, पण माणसं अजून सुटली नाहीत. परवा एक ओळखीचे कारकून भल्यासाठीच आले. म्हणाले, तू अकबरच्या वतीनं लिहून दे, चूक झाली, माफ करा. तू त्याची सही करतेस ते कुणाला कळणार? त्याची नोकरी वाचेल. मी लेखणी हातात घेतली होती. घरात पीठ नव्हतं. तेवढ्यात वाटलं, तो माणूस आत बसून काय ठरवतोय ते मला ठाऊक नाही. मी बाहेर बसून त्याच्या तोंडात शब्द घालायचे? मी लेखणी ठेवली. आता नोकरी राहते की जाते, बघू. भीती वाटते, लपवत नाही.

तुझं पत्र त्यानंतर आलं. म्हणून मी सल्ला देत नाही. घूस म्हणून नाही, गप्प बस म्हणूनही नाही. मी काय केलं तेवढं सांगितलं. मास्तरांशी मात्र बोल. त्यांना तूप वाढू नकोस हवं तर, पण बोल.

नळावर सगळं वाचलं. या वेळी कुणी हात वर केले नाहीत. नुसत्या ऐकत होत्या.

तुझी,
मुमताज


बोरखिंड
२६ जुलै १९६०

मुमताज! मुमताज!

सलाम-बिलाम नंतर. काल सभा झाली. चावडीत!

आधी चावडीत कशी आली ते ऐक. नागपंचमीच्या कुस्त्या आल्यात. त्याआधी तालमीची माती उकरून तिच्यात ताक, तेल, हळद घालून कालवतात, म्हणजे ती मऊ होते. ताक घरोघरच्या बायका देतात. रतनबाई चार दिवस आधी उठल्या आणि दारोदार फिरल्या: "औंदा मातीला ताक भरपूर पायजे, मारुतीची सेवा हाय." सभेच्या सकाळी अशा घागरी निघाल्या तालमीकडे की काय सांगू! दारापर्यंत बायकांची रांग. तालमीचे वस्ताद हौसराव, तेही पंचायतीचे मेंबर आहेत, त्यांचा आनंद मिशीत मावेना. "येवढं ताक माझ्या बापजन्मी आलं न्हवतं!" म्हणत त्यांनी सगळं ओतून घेतलं. दुपारी पोपटराव सतरंजी घेऊन पोचतात तो आत गुडघाभर चिखल. चार दिवस तिथं कुणी बसायचं नाही, वस्तादांचा हुकूम. झक मारत चावडीत आले.

आम्ही दोघी पायरीशी पोचलो. रतनबाईंचे पाय थांबले. एवढ्या वयात त्या ही पायरी चढल्या नव्हत्या. त्यांनी माझा हात धरला. माझा, मुमताज, वेशीबाहेरचा. सगळ्यांसमोर. तशाच आम्ही वर गेलो आणि बसलो. खुर्च्या नव्हत्याच, तेव्हा पाय हलवायचा प्रश्न आला नाही, सुगराबींना सांग.

सेक्रेटरींनी जूनचं प्रोसिडिंग वाचलं. हजर सभासद अमुक अमुक, सौ. कृपाबाई नथानिएल साळवे सही, श्रीमती रतनबाई अंगठा. सभेचं ठिकाण तालीम. ठराव: मागची जागा तालमीस द्यावी. अनुमोदन: मी.

"कायम करायचं ना?" पोपटराव म्हणाले.

मी उठले. तुझी लेखणी आठवली. म्हटलं, "मी अनुमोदन दिलेलं नाही. मी त्या सभेला नव्हते."

पोपटराव सावकाश हसले. "इचार करून बोला बाई. न्हवते म्हनलात तर सा म्हयने पुरे झाले, मेंबरकी संपली. आन् मंग ही सही कुनाची, त्ये बी सांगावं लागंल."

चावडीच्या पायरीशी गावातली माणसं जमली होती. त्यात मास्तर. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. त्यांनी तोंड उघडलं, मी बघितलं, ते कबूल करायला निघाले होते. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"सही ऱ्हाऊ दे. पोपट, माझा आंगठा हाय का रं त्यात?"

"हाय की काकी."

"म्हंजी मी हजर हुते?"

"व्हय."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? तालमीत. लिव्हलंय न्हवं."

रतनबाई वळल्या. "हौसराव, आरं, मी कवा आले तुझ्या तालमीत?"

वस्ताद असे उठले की त्यांचा फेटा तुळईला लागला. "तालमीत बाई? मारुतीरायाची आन! माज्या हयातीत एक बाई उंबऱ्याच्या आत आलेली न्हाई. कोन म्हनतो आली?"

"पुस्तक म्हनतंय," रतनबाई म्हणाल्या.

"वस्ताद, आवो त्ये नुसतं कागदावर..." पोपटराव सावरायला गेले.

"कागदावर बी न्हाई! माजी तालीम बाटली म्हनून तालुक्यात बोंब व्हईल. खोडा त्ये!"

बघितलंस? आता पोपटरावांना दोनच वाटा उरल्या. बायका तालमीत शिरल्या म्हणायचं, नाहीतर पुस्तक खोटं म्हणायचं. आणि मला एकदम सुचलं, देवानंच सुचवलं म्हणेन. मी म्हटलं, "वस्ताद खरं सांगतात. आम्ही आत गेलो नाही, कारण आम्हाला आत जाताच येत नव्हतं. मेंबरला जिथं जाता येत नाही तिथं भरली ती सभाच नव्हे. सभाच झाली नाही तर आम्ही गैरहजर कशा?"

सेक्रेटरींनी पुस्तक मिटलं आणि धोतरानं कपाळ पुसलं. ते पोपटरावांच्या कानाशी लागले, पण सगळ्यांना ऐकू गेलं: "आण्णा, हे वर गेलं तर आपुनच अडकू. सगळ्या सभा रद्द धरून पुन्ना घ्या." पोपटराव खाली बघत होते. शेवटी म्हणाले, "घ्या पुन्ना. चावडीतच घ्या."

तिथल्या तिथं मी आडोशाचा ठराव मांडला. तुझं ऐकलं, त्यांना बोलायला वेळच दिला नाही. आणि अनुमोदन कुणी दिलं असेल? हौसराव वस्तादांनी! म्हणाले, "खोट्या सहीनं आलेल्या जागंवर माजी पोरं शड्डू ठोकनार न्हाईत. बायांना द्या ती जागा." सात हात वर गेले. पोपटरावांचाही गेला, सगळ्यांत शेवटी.

घरी येताना मास्तर माझ्या मागून चालत होते. दाराशी म्हणाले, "मी सांगणारच होतो." मी म्हटलं, "मी बघितलं ते." मग आम्ही जेवायला बसलो. तूप वाढलं, मुमताज. पण हेही सांगितलं, पुन्हा माझ्या नावाला हात लावलात तर तुमच्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या शिवून टाकीन.

अकबरभाईंचं लगेच कळव. आमच्या वस्तीत रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

तुझी,
कृपा


दौंड
९ ऑगस्ट १९६०

कृपे,

अकबर आले. वाळलेत, पण नोकरी आहे. मी कारकुनाची गोष्ट सांगितली. मग म्हणाले, "तू लिहून दिलं असतंस तर मला शेडमध्ये मान वर करता आली नसती."

तुझं पत्र नळावर तीनदा वाचावं लागलं. "कागदावर बी न्हाई" आता पोरं गल्लीत ओरडत फिरतात. आणि आम्ही युनियनला कळवलंय की पुढल्या सभेला संपात फाटकावर गेलेल्या बायका येणार. त्यांनी विचारलं, कशाला? सासूबाई म्हणाल्या, ऐकायला. पण मला त्यांचा भरवसा नाही, त्या बोलतील.

भिंत कधी?

मुमताज


बोरखिंड
२० ऑक्टोबर १९६०

प्रिय मुमताज,

सलाम. भिंत झाली. डोक्याएवढी उंच, दगडमातीची, आत चार आडोसे. रामोशी आळीच्या बायकांनी दगड वाहिले, वस्तादांच्या पोरांनी माती मळली. मळायला कुणी शिकवावं लागलं नाही.

पहिला मान कुणाचा यावर बायकांत हसाहशी चालली होती. रतनबाई पदर खोचून पुढे झाल्या. भर दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, सगळ्यांच्या देखत आत गेल्या आणि आल्या. मग सरळ माझ्या घरी. ओट्यावर बसल्या आणि पाणी मागितलं. आमच्या घरचं पाणी, मुमताज. मी तांब्या दिला. गटागटा प्यायल्या. म्हणाल्या, आणखी दे. आणखी दिला, तोही संपवला.

मी म्हटलं, "एवढी तहान लागली होती?"

म्हणाल्या, "या गावात नांदाया आले तवापासनं दिवसा पानी प्याले न्हाई गं. प्याल्यावर जायाचं कुठं?"

मी आत जाऊन तिसरा तांब्या भरून आणला.

तुझी,
कृपा